मान हलवण्यापुरतं

मंगळवार, रात्री साडेअकरा

सकाळी फोन वाजला म्हणून उचलला, तर माधवचा मेसेज. 'साडेतीनला निघू या ना?' माधव बाहेरच्या खोलीत होता. मधलं दार सताड उघडं. त्याच्या खुर्चीची करकर मला ऐकू येत होती. मी अंगठा पाठवला. तिकडे टिंग वाजलं, खुर्ची एकदा करकरली, विषय संपला.

आणि मला रडू आलं. तेही बेतानं रडावं लागतं, वरचा ओठ थरथरला की संपलं.

मेसेजमध्ये वाईट काय होतं? काहीच नाही. बोलताना माझ्या गालात कळ येते, मला तोंड उघडायला लागू नये म्हणूनच केला होता त्यानं. मग मला एवढं का लागलं ते कळेना, म्हणून दिवसभर लक्ष ठेवलं. पंखा बंद करू? गोळी झाली? बाहेर वारा आहे, रुमाल घेतलास ना? अनयानं ऑफिसला जाताना दारातून विचारलं, "आज बरंय?" सगळ्याला मान हलवली की भागतं. मला आज कुणी 'का' म्हणून विचारलं नाही. 'कसं' नाही, 'कुठे' नाही. संध्याकाळी ताईचा फोन आला. ही ताई 'काय गं, काय नवीन' म्हणून सुरुवात करायची आणि माझं उत्तर ऐकायच्या आत स्वतःचंच अर्धा तास सांगायची. आज म्हणते, "तू बोलू नकोस हं, नुसतं हं म्हण." मी हं म्हटलं. दीड मिनिटात फोन संपला. हिला बोलायलासुद्धा माझं बोलणं लागत होतं, हे मला आज कळलं.

दुखतं किती, हे सांगायला गेलं तर हसू येईल. एक कळ काही सेकंदांची. फार तर दोन मिनिटांच्या आतली, असं पुस्तकातही आहे. वाईट दिवशीची सगळी बेरीज केली तरी पाचसात मिनिटं होतील. बाकीचा अख्खा दिवस ती पाचसात मिनिटं येऊ नयेत या खटपटीत जातो. दात घासताना उजवी बाजू सोडायची. तोंड धुवायचं नाही, टिपायचं. घास डावीकडे, आणि तोही लहान. 'प' आणि 'ब' हे शब्दाच्या सुरुवातीला नकोतच, कारण ओठाला ओठ लागतो. एकदा मी 'बाबा' म्हणता म्हणता अर्ध्यात थांबले होते. ते जाऊ दे.

रात्री मात्र झोपेत त्रास नाही. झोपेत ती नसही झोपते की काय कोण जाणे.

दवाखान्यात वेटिंगला पाच जण होतो. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. माझ्या बाजूला एक मुलगा, पंचविशीतला. त्याला तिथल्या बाईंनी तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालून बघायला सांगितलं. दोनच गेली. तिसऱ्या बोटाला त्याचा जबडा कट्कन वाजला, तो मला इथे ऐकू आला. तो खालमानेनं बोटं पुसत बसला. समोरच्या आजी जीभ किंचित बाहेर काढून बसल्या होत्या. त्यांच्या जिभेची आग होते, आणि जिभेवर काहीच दिसत नाही. सून डॉक्टरांना सांगत होती, "सगळे रिपोर्ट चांगले आहेत हो, तरी यांचं चालूच." आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बस, एवढंच.

मग फॉर्म. तोंडाच्या दुखण्यानं जगण्यावर काय परिणाम होतो ते मोजायचा, 14 प्रश्नांचा. मी घरी येऊन शोधलं (हल्ली बोलायचं नसल्यानं वाचायला वेळच वेळ आहे), तर मूळची प्रश्नावली 1994 सालची, ऑस्ट्रेलियातली, 49 प्रश्नांची. 1997 मध्ये त्यातले 14 उरले. प्रत्येकाला 0 ते 4 गुण. 0 म्हणजे कधीच नाही, 4 म्हणजे अगदी वारंवार. शब्द उच्चारायला त्रास झाला का? जेवण अर्धवट सोडावं लागलं का? चारचौघांत अवघडल्यासारखं झालं का? इतरांवर चिडचिड झाली का? एकूण आयुष्यात गोडी कमी वाटली का? सगळं बरोबर विचारलंय, नावं ठेवायला जागा नाही. मला 56 पैकी 37 पडले. शाळेच्या हिशेबानं फर्स्ट क्लास.

पण 'इतरांनी तुम्हाला विचारणं कमी केलं का' हा प्रश्न त्यात नाही. मी उलटसुलट करून पाहिलं. मागचं पान कोरं होतं.

मला सारखा तो पहिल्या वेळचा प्रसंग आठवतोय. त्याआधी मी तीन ठिकाणी जाऊन आले होते. तिन्ही ठिकाणी विचारायची पद्धत एकच. इथे दुखतं? हो. गार लागलं की? हो. मग दाढच असणार. एका दाढेचं रूट कॅनल झालं, तिच्या शेजारची काढली, आणि दुखणं जागच्या जागी. दोष तरी कुणाला देणार, दाढेतच दुखतंय असं मीच शपथेवर सांगत होते. या डॉक्टरांनी मात्र खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "कसं दुखतं ते सांगा." आणि थांबले. मी म्हटलं, दुखतं म्हणजे दुखतं. ते म्हणाले, "ठणकतं? ठसठसतं? आग होते? की सणक येते?" तेव्हा माझा हात आपोआप उठला आणि मी हवेत वीज काढून दाखवली, कानापासून ओठापर्यंत. गालाला न लावता. ते लगेच म्हणाले, "गालाला हात का नाही लावलात?"

मेंदूतून चेहऱ्याकडे येणारी पाचवी नस, ट्रायजेमिनल. तिला तीन फाटे, कपाळाला एक, गालाला आणि वरच्या जबड्याला एक, खालच्या जबड्याला एक. माझा मधला. एमआरआयमध्ये दिसलं की मेंदूतून नस निघते तिथेच एक रक्तवाहिनी तिला टेकलीय, दर ठोक्याला थोडं थोडं घासत. ऑपरेशनमध्ये त्या दोघींच्या मधे टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. ऑपरेशनबद्दल आज लिहायचं नाही असं ठरवलंय.

गोळी कार्बामाझेपिन. मुळात फिटची, पण या नसेला लागू पडते. तिनं कळा अर्ध्यावर आल्या हे खरं. पण सकाळी जिना उतरताना पायरी जरा उशिरा येते, सोडियम तपासायला रक्त द्यावं लागतं, आणि शब्द हरवतात. परवा मला 'उंबरठा' आठवेना. अनया वाट बघत उभी, मी बोटानं जमिनीवर आडवी रेघ दाखवतेय. तिनं शब्द पुरवला नाही, "राहू दे गं" म्हणाली. म्हणजे एकतर शब्द आठवत नाही, आणि आठवला तर उच्चारायचा धीर होत नाही. अशा माणसाशी कोण कशाला गप्पा मारेल? मीसुद्धा मारल्या नसत्या.

इथपर्यंत लिहून पाणी प्यायला उठले. कोमट, स्ट्रॉनं, डावीकडून.

आणि परत येताना आठवलं ते असं की, हे यांना शिकवलं कुणी? मीच. सुरुवातीला माधव धावत यायचा. काय झालं? कुठे दुखतंय? किती वेळ झाला? तेव्हा मी ट्रॅफिक पोलिसासारखा पंजा त्याच्या तोंडासमोर धरायचे. एकदा तर वहीत लिहून दाखवलं होतं, मोठ्या अक्षरांत, दोनदा अधोरेखित: 'हो-नाहीत उत्तर देता येईल असंच विचार.' ती वही हीच. आता मागे उलटून बघितलं, पान आहे. पेन कागदात रुतलेलंय. बिचारा इतक्या वर्षांत माझं ऐकत नव्हता, आणि नेमकं हेच मनावर घेतलं.

शिवाय खरं सांगायचं तर सोयही झालीय. कंटाळवाण्या समारंभांना जावं लागत नाही. ऑफिसात मीटिंगमध्ये माझ्याकडे बघून सगळे पुढे सरकतात. कुलकर्णी परवा म्हणाला, "माधवनं नशीब काढलंय हं." हसले सगळे. मी हसले नाही. हसता येत नाही म्हणून, की हसायचं नव्हतं म्हणून, हे मात्र कुणाला कळलं नाही, ही एक मजाच आहे.

झोपायला दिवा घालवणार तेवढ्यात माधव दारात. चष्मा कपाळावर, हातात रिकामं पाकीट. हो-नाहीचं विसरलाच तो. म्हणाला, "एमआरआयची सीडी कुठे ठेवलीस?"

मी बोट दाखवणार होते. मग म्हटलं, नको. "कपाटात," म्हणाले, "खालच्या खणात, त्या..." आणि आली. टेबलाची कड धरली, डोळे मिटले. तो जवळ आला नाही, 'राहू दे' म्हणाला नाही, मेसेजही केला नाही. दारातच उभा होता, कारण त्याला सीडी हवी होती. किती वेळ गेला कळलं नाही. कळ गेल्यावर मी म्हटलं, "निळ्या फाइलच्या खाली."

तो गेला. खण ओढल्याचा आवाज आला, मग कागद चाळल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही.

"इथे नाहीये गं," तिकडून ओरडला. "दुसरी कुठली निळी फाइल?"