मॅट उचलली तेव्हा हौदा दिसला: पिकअपच्या लायनरचा माझा अनुभव

खंडेनवमीला आमच्याकडे गाडी, ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, विळे-कोयते सगळं धुऊन-पुसून पूजेला लावतात. २०२२ च्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी पिकअपच्या हौद्यातली, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागातली, काळी रबरी मॅट पहिल्यांदाच पूर्ण बाहेर काढली. गाडी २०१९ ची. गाडी घरी आली त्याच आठवड्यात मॅट टाकली होती, आणि तीन वर्षं मी निर्धास्त होतो की खाली पत्रा नव्यासारखा असणार.

हौद्याच्या पत्र्याला लांबीने नाळ्या असतात. मॅट त्या नाळ्यांवर आडवी पडून होती आणि खाली प्रत्येक नाळीत ओला गाळ साचला होता. माती, केळीच्या चिकाचे काळे डाग, आणि पोटॅशचे न विरघळलेले लालसर खडे. खराटा ओढला तर रंगाचे पापुद्रे खराट्याबरोबर आले. गाडी घरासमोर उतारावर तोंड खाली करून उभी असते, त्यामुळे पाणी केबिनच्या बाजूला जमायचं. तिथल्या ड्रायव्हरच्या बाजूच्या कोपऱ्यात मी स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं आणि ते आरपार गेलं. वाकून पाहिलं तर भोकातून अंगणातली माती दिसत होती.

माझी शेती जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात. केळी आणि थोडी कपाशी. पिकअपमध्ये काय काय जातं ते आधी सांगतो, कारण लायनर (हौद्याचा पत्रा वाचवायला वर घालायचं अस्तर) निवडताना मी हेच पहिल्या वेळी विचारात घेतलं नव्हतं. पोटॅशच्या पन्नास किलोच्या आणि युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या गोण्या. ठिबकच्या नळ्यांची बंडलं. टिश्यू कल्चरच्या रोपांचे क्रेट, ज्यांतून पाणी ठिबकत राहतं. शेणखत. कपाशी जिनिंगला न्यायची तेव्हा ती. आणि कापणीच्या दिवसांत केळी, कारण मोठा ट्रक आमच्या शेतरस्त्यात शिरत नाही. बांधापासून डांबरी रस्त्यापर्यंत माल पिकअपनेच काढावा लागतो.

यातलं पोटॅश सगळ्यात वाईट. आपण ज्याला पोटॅश म्हणतो ते म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यातलं क्लोराइड आणि मिठातलं क्लोराइड एकच. समुद्रकाठचं लोखंड ज्यामुळे लवकर गंजतं तेच मी गोण्यांनी आणून हौद्यात सांडत होतो, वरून मॅटने झाकत होतो आणि पावसाळाभर ओलं ठेवत होतो. युरिया तर हवेतली ओल स्वतःच ओढून घेतो. केळीला पोटॅश सगळ्यात जास्त लागतं, त्यामुळे आमच्या भागातल्या कुठल्याही पिकअपची मॅट उचलून पाहा, कमी-जास्त हेच दिसेल.

दसरा झाल्यावर गाडी आमच्या नेहमीच्या वेल्डिंगवाल्या नानांकडे नेली. नाना हौद्यात चढले, हातोडीच्या दांड्याने पत्रा ठोकत फिरले आणि म्हणाले, "भाऊ, पयले पानी जावाले वाट कर, मंग बाकीनं दख." म्हणजे आधी पाणी जायला वाट कर, मग बाकीचं बघ. नाळ्यांच्या टोकाला कंपनीने दिलेली पाणी जायची भोकं त्यांनी बोटाने दाखवली. चारही गाळाने बुजलेली. मॅटखाली असल्यामुळे ती मला कधी दिसलीच नव्हती. पुढचे तीन महिने जो कोणी मला लायनर विकायला बघायचा, त्याला मी नानांचाच प्रश्न विचारायचो: याच्या खाली पाणी गेलं तर ते बाहेर कुठून येणार?

पहिला पर्याय चेकर पत्रा, म्हणजे उंचवट्यांची नक्षी असलेला जाड लोखंडी पत्रा. गावात निम्म्या पिकअपना तोच आहे, आणि मजबुतीत त्याला तोड नाही. दगड टाका, लोखंडी पहार आपटा, काही होत नाही. पण हिशोब केला. माझा हौदा साधारण नऊ फूट बाय साडेपाच, म्हणजे पन्नास चौरस फुटांच्या आसपास. तीन मिलिमीटर चेकर पत्रा चौरस मीटरला पंचवीस किलोच्या घरात जातो. नुसत्या तळाला एकशेपंधरा किलोच्या जवळपास वजन. म्हणजे पोटॅशच्या सव्वादोन गोण्या मी रोज रिकाम्या गाडीतही वाहणार. शिवाय तो वेल्डिंगने बसवायचा, म्हणजे जिथे जिथे टाका तिथे खालचा रंग जळणार आणि दोन पत्र्यांच्या फटीत पाणी बसणार. फटीतला गंज बाहेरून दिसत नाही, खराटाही पोचत नाही. मॅट निदान उचलता तरी येत होती. अ‍ॅल्युमिनियमचा चेकर पत्रा हलका असतो, तो जळगावला पाहिला. पण दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खताचं खारं पाणी, असं झालं की त्यांतला एक झिजायला लागतो. आमच्या कामात ते खारं पाणी ठरलेलंच आहे.

प्लास्टिकचा साचेबंद टब असतो, तो डबल केबिनच्या महागड्या पिकअपना शोभतो. आमच्या लांब हौद्याच्या मापाचा मला मिळाला नाही. मिळाला असता तरी घेतला नसता. टब पत्र्याला चिकटत नाही, गाडी हलली की घासत राहतो, खालचा रंग घासून काढतो आणि पाणी अडवतो. शिवाय तो गुळगुळीत. ब्रेक मारला की गोण्या केबिनवर येऊन आदळणार.

प्लास्टिकबद्दल एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. फवारणी पंपासाठी आपण पेट्रोलचा कॅन हौद्यात ठेवूनच पेट्रोल पंपावर भरून घेतो. हौद्यात प्लास्टिक किंवा तसलं अस्तर असेल तर कॅनवर साचलेली स्थिर वीज जमिनीत उतरत नाही, आणि नळीच्या तोंडाशी ठिणगी पडू शकते. अमेरिकेत अशा आगी लागल्यावर १९९८ मध्ये तिथल्या कामगार-आरोग्य संस्थेने याबद्दल लेखी इशारा दिला होता. कॅन खाली जमिनीवर ठेवायचा आणि मगच भरायचा. आमच्या गड्याला मी हे हात धरून शिकवलं आहे.

गोठ्यातली जाड रबरी मॅट हा स्वस्त पर्याय. ज्यांना गाय-बैल न्यायचे असतात त्यांनी तीच घ्यावी, जनावराचा पाय घसरत नाही. पण दर महिन्याला ती उचलून खालचा हौदा धुवायची तयारी हवी. माझ्याकडून ते झालं नव्हतं, हे तर दिसतच होतं.

मग राहिलं पत्र्याला चिकटणारं अस्तर. यात दोन प्रकार. एक रोलरने किंवा ब्रशने लावायचा, दोन डब्यांतला माल मिसळून; हा पॉलियुरेथेनचा. थर पातळ बसतो, घरी करता येतो. दुसरा पॉलियुरियाचा फवारा. त्याचं मशीन दोन्ही भाग वेगवेगळे तापवून मोठ्या दाबाने बंदुकीच्या तोंडाशी मिसळतं आणि माल पत्र्यावर पडल्यावर काही सेकंदांत घट्ट होतो. दोन-अडीच मिलिमीटरचा सलग थर, कुठेही सांधा नाही. पत्रा आणि अस्तर यांच्यामध्ये पाण्याला जागाच राहत नाही. नानांच्या प्रश्नाला हे एकच उत्तर पटण्यासारखं होतं.

पण माझ्या चुलतभावाचा अनुभव समोर होता. त्याने एका शहरात असंच फवाऱ्याचं काम करून घेतलं होतं. तिथल्या माणसांनी हौदा पाण्याने धुतला, वाळवला आणि वरून मारून दिलं. आठ महिन्यांत कडेने पोळीसारखं सुटलं. मी तो सुटलेला तुकडा हातात घेऊन पाहिला. वरची बाजू उत्तम, नखाने ओरखडासुद्धा उठेना. उलटी बाजू मात्र गंजाच्या भुकटीने तांबडी. अस्तर चिकटलं होतं, पण गंजाला. आणि गंजच पत्र्यापासून सुटला होता. त्या तुकड्याने मला जे समजावलं ते कुठल्याही दुकानदाराने समजावलं नव्हतं. मालापेक्षा तयारीचे पैसे द्यायचे.

म्हणून काम दोन भागांत केलं. पत्र्याचं काम नानांकडे. त्याआधी मी घरी तीन दिवस ओळीने हौदा भरपूर पाण्याने धुतला, नाळ्या तारेच्या ब्रशने घासल्या. हे ग्राइंडर लावायच्या आधी करावं लागतं. खताचा क्षार पत्र्याच्या खड्ड्यांत बसलेला असतो. तो न धुता घासलं तर वरून पत्रा चकाकतो आणि अस्तराखाली गंज पुन्हा सुरू होतो. मग नानांनी बॅटरीची वायर काढून ठेवली (वेल्डिंगच्या आधी ती काढलीच पाहिजे, नाहीतर गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला धोका), कुजलेला कोपरा कापला, नवा पत्रा जोडला आणि टाके घासून सपाट केले. पाण्याच्या भोकांची तोंडं थोडी मोठी केली. केबिनच्या बाजूला दोन नवी पाडली.

फवाऱ्यासाठी नाशिक गाठलं, अमळनेर, धुळे करत. गच्च्यांचं आणि टाक्यांचं वॉटरप्रूफिंग करणारी मंडळी होती, मशीन त्यांच्याकडे होतं. वेळ मुद्दाम जानेवारीची धरली. पत्र्यावर दव असताना असलं काही मारायचं नसतं. पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन साचते त्यापेक्षा) निदान तीन अंश गरम हवा, हे त्यांनीच सांगितलं आणि सकाळी अकरापर्यंत काम सुरू केलं नाही. ते पाहून मला धीर आला. दर चौरस फुटावर असतो, आणि तळाबरोबर बाजू व फाळकाही (हौद्याचं मागचं उघडणारं झाकण) मोजतात. माझ्या तळाचे पन्नास फूट सगळं धरून नव्वदच्या वर गेले. पैसे चेकर पत्र्याच्या जवळपास दुप्पट लागले.

तिथे दोन गोष्टींवर मी अडून बसलो.

एक, पोत. नेहमी ते खरखरीत दाणा मारतात, कारण त्यावर माल सरकत नाही. गोण्यांना ते चांगलं. पण केळीची फणी अशा पृष्ठभागावर रस्त्याच्या खड्ड्यांत दोन किलोमीटर हलली तर सालीवर ओरखडे उठतात. त्या वेळी ते दिसत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळे पडतात आणि व्यापारी भाव पाडतो. आम्ही खाली केळीची पानं आणि फोमच्या शीट टाकतो, तरी कडेचे घड बाजूंना घासतातच. मी त्यांना एका पत्र्याच्या तुकड्यावर तीन प्रकारे मारून दाखवायला लावलं आणि सोबत नेलेली कच्ची केळी तिन्हींवर घासून रात्रभर ठेवली. सकाळी जाड दाण्यावरच्या सालीवर काळ्या रेघा होत्या, बारीक दाण्यावर पुसटशी छटा. तळाला मध्यम आणि बाजूंना बारीक, असं ठरलं. मालकांनी ती केळी स्वतः हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, दादा, हे आम्हाला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरी, रंग. काळा नको म्हणालो. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, काळ्या हौद्यात हात ठेवता येत नाही, तिथे केळी कशी ठेवायची? फिकट राखाडी घेतला. साधा पॉलियुरिया उन्हाने पिवळट पडतो आणि वरून भुकटी धरतो, म्हणून उन्हाला टिकणारा वेगळा वरचा थर घ्यावा लागला. पैसे वाढले, पण घेतला.

प्रत्यक्ष फवारा अर्ध्या तासाचा. आधीचा दीड दिवस गंज काढणं, उरलेला रंग खरखरीत करणं, थिनरने पुसणं, प्रायमर, भोकांत खुंट्या ठोकणं, फाळक्याच्या बिजागऱ्या आणि बोल्टचे आटे चिकटपट्टीने झाकणं यात गेला. मारणारा माणूस बाहेरून हवा येणारा मुखवटा घालून होता आणि आम्हाला त्याने लांब उभं केलं. त्या वाफा फुप्फुसाला वाईट. रोलरचा प्रकार घरी करणाऱ्यांनीही नुसता रुमाल बांधून करू नये, त्यातही तीच रसायनं असतात.

परत आल्यावर भुईकाट्यावर गाडीचं रिकामं वजन पुन्हा करून घेतलं. जुनी मॅट गेल्यामुळे ते उलट थोडं उतरलंच. वजन बदललं की नवा आकडा काट्यावर लिहून ठेवायला हवा, एरवी प्रत्येक खेपेला त्याचा फरक मालात पडतो.

आता दोन पावसाळे झाले. खत आणलं की त्याच संध्याकाळी हौदा धुतो. पाणी भोकांतून चारी बाजूंनी धारेने पडतं आणि वडील ओट्यावर बसून ते पाहतात. केळीचा चीक ताजा असताना पुसला जातो. वाळला की डाग राहतो, पण तो वरच राहतो.

यंदाच्या खंडेनवमीला त्याच कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टेकवून जोर दिला. रुतला नाही. फाळक्याच्या आतल्या कडेला मात्र, जिथे गडी फावडं घासून शेणखत ओढतो, तिथे नखाएवढी कड उचललेली सापडली. ती मी ब्लेडने घट्ट थरापर्यंत कापून काढली, पत्रा पुसून कोरडा केला आणि वर चिकटपट्टी लावली आहे. हाताने लावायचा माल नाशिकहून मागवला आहे, दिवाळीआधी येईल.