पोल चकचकीत होता, हीच तर भानगड होती

घरात डान्स पोल, म्हणजे चढून नाचायचा उभा धातूचा खांब, बसवून चारेक महिने झाले असतील. मांड्यांनी पोल आवळून धरायचा आणि दोन्ही हात सोडून बसायचं, एवढंच करत होते. रोजची गोष्ट. त्या दिवशी मात्र सर्रकन दीड फूट खाली आले. आधी दोष घामाला दिला, मग पकडीची पावडर आणखी फासली. दहा मिनिटांत घाम आणि पावडर मिळून पोलवर पांढुरकं लुकण तयार झालं आणि मी आणखीच घसरले.

तेव्हा कुठे पोलकडे नीट पाहिलं. तिरप्या उजेडात छातीच्या उंचीवर एक मळकट पट्टा दिसत होता. नख फिरवलं तर नखात करडी मळी आली. इतके दिवस मी पोल कोरड्या टॉवेलने पुसत होते, म्हणजे अंगाचं तेल इथून उचलून तिथे फासत होते!

पुढे केला तो शुद्ध मूर्खपणा. पोल क्रोमचा, म्हणून घरातलं धातूचं पॉलिश लावून तो चांगला घासला. काय चकाकला! तोंड दिसत होतं त्यात. दुसऱ्या दिवशी पहिल्याच चढाईत हात असे सुटले की गुडघाच आपटला. बऱ्याच पॉलिशचा मेणकट, तेलकट थर मागे राहतो आणि चमक त्याचीच असते. शोभेच्या वस्तूला ते ठीक, पण ज्यावर अख्खं अंग तोलायचं त्याला नाही.

तो थर उतरवायला दोन दिवस गेले. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण, मग ओलं फडकं, मग कोरडं, आणि शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोल, म्हणजे पुसायला वापरतात ते झटकन उडणारं अल्कोहोल. मी आधी हौसेने ९९ टक्क्यांचं आणलं होतं. जितकं तीव्र तितकं चांगलं, असा माझा हिशोब. पण ते पुसता पुसता उडून जायचं आणि पोलवर पुसट डाग राहायचे. ७० टक्क्यांचं जास्त कामाचं निघालं. अंगाचं तेल आणि क्रीम अल्कोहोलमध्ये सुटतं, घामातलं मीठ मात्र पाण्यात विरघळतं, आणि ७० टक्केवाल्यात दोन्ही आहेत. खिडक्या उघड्या ठेवते, जवळपास दिवा किंवा शेगडी पेटलेली नसते. खाली जुना टॉवेल अंथरते, कारण थेंब पडून फरशीचं पॉलिश एकदा पांढरं झालंय. पावडर कोटिंगच्या (रंगाचा भाजलेला थर दिलेल्या) किंवा सिलिकॉनच्या पोलला अल्कोहोल सरसकट चालत नाही, त्यांची माहितीपुस्तिका आधी वाचावी. घासणी तर कुठल्याच पोलला लावू नये. अंगठीचे ओरखडे माझ्या पोलवर आहेतच, ते आता जन्माचे सोबती.

बाटलीतून थेट पोलवर फवारायची सवयही महागात पडली. माझा पोल फिरणारा आहे, त्याचं बेअरिंग, म्हणजे ज्याच्यावर तो फिरतो तो भाग, सांध्यात असतं. ओघळ तिथे जात होते आणि त्यांच्याबरोबर पावडरही. महिन्याभरात फिरताना करकर सुरू झाली. तेल सोडायचा मोह आवरला ते बरं झालं, नाहीतर तेच ओघळून खाली पोलवर आलं असतं. शेवटी तो भाग बदलावा लागला. आता द्रव आधी मायक्रोफायबरच्या फडक्यावर घेते आणि वरून खाली पुसत येते. सरावाच्या आधी एकदा, नंतर एकदा. फडकं काळं यायचं थांबलं की झालं. सरावाच्या दिवशी अंगाला मॉइश्चरायझर अजिबात नाही. हा नियम मला सर्वांत जड जातो, पण पुसण्याची निम्मी मेहनत तिथेच वाचते.

पुसताना आणखी एक सवय लागली. फडकं ठेवलं की दोन्ही हातांनी पोल धरून हलवून बघते, कारण तो छत आणि जमिनीच्या मध्ये नुसत्या ताणावर उभा आहे. गेल्या महिन्यात वरून टक् असा बारीक आवाज आला. स्पिरिट लेव्हल (बुडबुड्यावरून सरळपणा दाखवणारी पट्टी) लावली तर पोल किंचित कललेला. सरळ केला, तळाशी ताण पाव फेरा वाढवला, ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या चावीने) स्क्रू आवळले, पुन्हा हलवून पाहिला. उलटं लटकायचा त्या दिवशीचा बेत मात्र रद्द केला.