उनवटुनाचा समुद्र आणि माझी आई

आज दिवसभर काहीच केलं नाही. श्रीलंकेत गॉलजवळ उनवटुनाला साधंच हॉटेल घेतलंय. पंखा, मच्छरदाणी आणि दारापासून दहा पावलांवर वाळू. नाश्त्याला किरीबत, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, सोबत लुणूमिरिस, मिरची-कांद्याची तिखट चटणी. आईला ते आपल्या ठेच्यासारखं लागलं, दोनदा मागून घेतलं.

मग ती लाटांत पाय सोडून तासभर बसली. आम्ही लातूरचे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या दिवसांत रात्री दोनला उठून टँकरसाठी घागरी लावणारी हीच. "एवढं पाणी, अन् घोटभर पिता येईना की रे," म्हणाली. मी नुसता शेजारी बसून राहिलो.

आत्ता आठच वाजलेत आणि ती गाढ झोपलीय. घरी तिला झोप लागत नाही. उद्याचा गॉलचा किल्ला परवावर ढकललाय.