तुम्ही विचारलंत म्हणून: छोटी स्क्रिप्टिंग भाषा बनवायची तर सुरुवात कुठून करायची?

फायलींची नावं बदलणं, रोजचा रिपोर्ट ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकणं असल्या कामांना मी स्क्रिप्ट लिहिते, त्यामुळे हा प्रश्न मला खूप जण विचारतात. माझं उत्तर एकच, आधी रेक्स (Rexx) ही जुनी स्क्रिप्टिंग भाषा बघा.

माइक कॉलिशॉ यांनी आयबीएममध्ये १९७९ साली ती लिहायला घेतली. त्याआधी तिथल्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संगणकांवर, एक्झेक टू ही स्क्रिप्टिंग भाषा होती, तिच्यात व्हेरिएबल (किंमत साठवायचं नाव) असो की इफ, शब्दाच्या आधी अँड‌चं चिन्ह (&) लावायचं आणि साधा मजकूर तेवढा मोकळा. रेक्समध्ये हे उलटं झालं, मजकूर कोट्समध्ये आणि बाकी सगळं साध्या शब्दांत. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो, कारण स्क्रिप्ट जरा वाढली की मजकूर कमी आणि लॉजिकच जास्त असतं, मग सगळं पान चिन्हांनी भरून जातं.

शेल, म्हणजे टाइप करून कमांड द्यायचा प्रोग्राम, त्याचा त्रास तर तुम्हाला माहीतच असेल, फाइलचं नाव ‘जून पगार’ आहे आणि डिलीट करताना व्हेरिएबलभोवती कोट्स लावायचे राहून गेले की बॅश हा शेल त्याचे दोन तुकडे करतो आणि ‘जून’ नावाची दुसरी फाइल खरंच तिथे असली तर ती जाते! रोजच्या कामाच्या भाषेत असं होता कामा नये. रेक्समध्ये व्हेरिएबलची किंमत अशी आपोआप तुटत नाही. शिवाय आकडेमोड दशमान पद्धतीने होते, ०.१ अधिक ०.२ म्हणजे ०.३च, बऱ्याच भाषांसारखं शेपटाला भलतंच काही येत नाही, हिशोबवाल्या माणसाला अजून काय पाहिजे.

एक गोष्ट मात्र मी घेणार नाही. किंमत न दिलेलं व्हेरिएबल वापरलं तर रेक्स त्याचं नावच कॅपिटलमध्ये किंमत म्हणून देते, म्हणजे स्पेलिंग चुकलं तरी स्क्रिप्ट गुपचूप पुढे जाते. ते पकडायची सोय आहे पण ती आपण चालू करायची, माझ्या मते ती पहिल्यापासून चालू हवी.

आणि कॉलिशॉ आधी मॅन्युअल लिहायचे, ते आयबीएमच्या नेटवर्कवर लोकांना पाठवायचे, आलेली मतं वाचून बदलायचे आणि मग कोड. तुम्हीही पार्सर (स्क्रिप्ट वाचून तिची रचना ओळखणारा कोड) लिहायच्या आधी तुमच्या भाषेतल्या चार-पाच स्क्रिप्ट नुसत्या कागदावर लिहा आणि अकाउंट्समधल्या कुणाला तरी, प्रोग्रामर नसलेल्या, काहीही न समजावता वाचायला द्या. अडखळले ती ओळ बदला, आणि महिन्याभराने त्यांनाच परत दाखवा.