बाळाला स्वतःच्या अंगाची ओळख होऊ देताना

आमच्या लेकीला तिसरा महिना लागला, तेव्हा ती आपली मूठ डोळ्यांसमोर धरून तिच्याकडे एकटक पाहू लागली. भेटायला येणारे पाहुणे समोर खुळखुळा वाजवत राहत, पण तिचे लक्ष त्या मुठीवरून हलत नसे. या सुमारास बहुतेक बाळे अशीच हात न्याहाळतात. पुढे दोन्ही हात छातीवर एकत्र आणून एकमेकांना चाचपतात, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात पाय हाती लागला की त्याचा अंगठा थेट तोंडात घालतात. हे त्यांना कोणी शिकवत नाही. म्हणूनच अशा खेळात मोठ्यांनी काही करून दाखवण्यापेक्षा बाळाला करू द्यावे, असे माझे मत झाले आहे.

आपला स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श यांतला फरक बाळाला फार लवकर जाणवतो. फिलिप रोशा आणि सुझन हेस्पॉस यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गालाला दुसऱ्याचे बोट लागले की नवजात बाळे त्या बाजूला तोंड वळवत, मात्र स्वतःचाच हात लागला असता तसे बरेच कमी वेळा करत, असे आढळले. स्वतःचा हात गालावर गेला की संवेदना हाताला आणि गालाला एकाच वेळी होते. दुसऱ्याचा हात लागला तर ती केवळ गालाला होते. हे वाचल्यावर ओरखडे येऊ नयेत म्हणून तिला दिवसभर घातले जाणारे हातमोजे आम्ही बंद केले आणि ती झोपली असताना नखे कापण्याचा नेम ठेवला. आईला ते फारसे पटले नाही, पण तिने विरोधही केला नाही.

मालिश हा आपल्याकडचा सर्वांत जुना आणि, मला वाटते, सर्वांत चांगला खेळ आहे, फक्त त्यात घाई नको. मालिश करणाऱ्या मावशींचा हात सराईत असल्याने मांडीवरून पोटरीवर आणि पोटरीवरून तळव्यावर तो इतक्या झरझर फिरे की बाळाला कशाचा पत्ताच लागत नसे. आता एक पाय पूर्ण झाला की त्या क्षणभर थांबतात, ‘हा झाला तुझा गुडघा, ही टाच’ असे म्हणतात, आणि मगच दुसरा पाय घेतात. या बोलण्याला अर्थ आहे, कारण सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना शरीराच्या अवयवांची काही नावे कळू लागलेली असतात, असे एलिका बर्गेलसन आणि डॅनियल स्विंग्ली यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. नाक सरळ व्हावे म्हणून चिमटीत धरून ओढणे, डोके गोल व्हावे म्हणून दाबणे किंवा नाका-कानांत तेल सोडणे हे प्रकार मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी करू देऊ नयेत.

जागेपणी पालथे ठेवण्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस अशी आहे की, रांगू न लागलेल्या बाळाला दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पोटावर खेळू द्यावे. हा वेळ एकदम भरण्याची गरज नाही आणि झोपवताना मात्र पाठीवरच झोपवावे.

१९६९ मध्ये कॅरोलिन आणि डेव्हिड रोव्ही यांनी सुमारे तीन महिन्यांच्या बाळांच्या पायाला फीत बांधून ती वर टांगलेल्या खेळण्याला जोडली, तेव्हा आपल्या लाथेने खेळणे हलते हे उमगून बाळे अधिक वेळा पाय झाडू लागली. आपले घुंगराचे वाळे नकळत हेच काम करतात. आम्ही वाळा एकाच पायात घालतो आणि काही दिवसांनी पाय बदलतो. आवाज कोणत्या पायातून येतो हे शोधताना ती आधी दोन्ही पाय झाडते, मग थांबते, कान देते आणि पुन्हा झाडते. तिच्याऐवजी आपणच पाय धरून हलवला तर आवाज तोच येतो, पण तिचे शोधणे थांबते. सैल घुंगरू निघून तोंडात जाण्याचा धोका असल्यामुळे वाळा आम्ही रोज तपासतो, नजरेसमोर असतानाच घालतो, आणि तिने मान फिरवली, जांभई दिली किंवा पाठीची कमान केली की खेळ तिथेच थांबवतो.