तुम्ही विचारलंत म्हणून: शिराझमधला फरक आणि माझं नाक

“या ऑस्ट्रेलियन रेड वाईन सगळ्या जड, सगळ्या काळ्याकुट्ट, शेवटी एकसारख्याच. तुला त्यांत खरंच फरक कळतो, की लेबल वाचून बोलतेस?” पुण्याहून आलेले पाहुणे हे विचारतात, ॲडलेडमधले मराठी मित्र विचारतात. फ्रान्सची हलकी बरगंडी पिणारे विचारतात तेव्हा उत्तर आधीच ठरवून बसलेले असतात. एकदा नीट सांगते.

फरक कळतो. शिराझ ही काळ्या द्राक्षाची जात आणि तिची रेड वाईनही. इथल्या साऊथ ऑस्ट्रेलियातल्या बरोसाच्या सखल भागातली शिराझ म्हणजे जांभूळ आणि करवंद आटवल्यासारखं दाट फळ, साडेचौदा-पंधरा टक्के अल्कोहोल, आणि पिंप अमेरिकन ओकचं असेल तर ओल्या नारळाचा वास. शेजारचीच ईडन व्हॅली चारशे-पाचशे मीटर उंचीवर आहे. तिथे द्राक्षं सावकाश पिकतात आणि आंबटपणा टिकतो. मॅक्लॅरन व्हेलला समुद्राचा वारा लागतो, तिथली वाईन जिभेवर मऊ उतरते. कूनावारा भागातल्या कॅबरने या दुसऱ्या काळ्या द्राक्षाच्या वाईनमध्ये निलगिरी येते, आणि ती कुणाच्या मनातली नसते: बागेच्या कडेला निलगिरीची झाडं असली की त्यांचं तेल द्राक्षांच्या सालीवर बसतं, तोडणीत पानंही मिसळतात.

जड म्हणजे ढोबळ, हे मला मान्य नाही. 1957 मध्ये पेनफोल्ड्स या वाईन कंपनीच्या वरिष्ठांनी आपले वाईनमेकर मॅक्स शुबर्ट यांना ग्रेंज ही जड शिराझ बनवणं थांबवायला सांगितलं होतं. शुबर्टनी तीन हंगाम ती चोरून बनवली. सुरुवातीच्या बाटल्या मुरल्यावर पुन्हा चाखल्या गेल्या आणि 1960 मध्ये परवानगी परत मिळाली. अशी वाईन कोवळी असताना एका घोटात निकालात काढणाऱ्यांशी मी वाद घालते आणि घालत राहीन.

पण तुमच्या प्रश्नाचा एक भाग मला लागतो, त्याचं कारण वेगळं आहे.

हिवाळ्यातली रात्र होती. ओळखीच्या एका घरी आम्ही टेस्टिंगला जमलो होतो. बाटल्या कागदी पिशव्यांत झाकलेल्या, पिशव्यांवर फक्त आकडे. तिसऱ्या ग्लासाशी सगळे थांबले. “मिरी!” एकजण म्हणाला. मग दुसरा, मग टेबलाच्या त्या टोकाची बाई. ताजी कुटलेली काळी मिरी, इतकी की फळ मागे पडलंय. मी ग्लास नाकाशी नेला. लाल फळ, थोडी ओली माती, बस. पुन्हा हुंगलं, ग्लास तळहातात धरून ऊब दिली, पुन्हा हुंगलं. काही नाही. मी तसं सांगितलं. यजमान अगदी प्रेमाने म्हणाले, “तू मसाल्यांच्या देशातली, तुला तर आमच्याआधी कळायला हवं!” कुणीतरी स्वयंपाकघरातून मिऱ्याची चक्की आणली, बशीत मिरी दळली आणि माझ्यापुढे ठेवली, लहान मुलाला अक्षर दाखवतात तशी. बशीतल्या मिऱ्याचा वास मला आला. ग्लासातला आला नाही. पिशवी काढली तेव्हा बाटली व्हिक्टोरियातल्या ग्रॅम्पियन्स या थंड भागातल्या शिराझची निघाली. त्यानंतर त्या रात्री मी कुठल्याही वाईनबद्दल काही म्हटलं की लोक मान डोलवायचे, पण माझं म्हणणं कुणी वहीत उतरवून घेतलं नाही.

पुढे वाचनात आलं ते असं. शिराझमधल्या या मिऱ्याच्या वासामागे रोटंडोन नावाचं द्रव्य आहे, आणि काळ्या मिरीतही तेच आहे. इथे ॲडलेडमधल्याच ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी ते 2008 मध्ये प्रसिद्ध केलं. रेड वाईनच्या लिटरमध्ये 16 नॅनोग्रॅम एवढंसं असलं तरी माणसाला जाणवतं. मात्र त्यांनी तपासलेल्यांपैकी सुमारे 20 टक्के लोकांना पाण्यात शेकडो पट जास्त मिसळूनही त्याचा वास आला नाही. मी त्या पाचातली एक असणार.

सुटका वाटायला हवी होती. वाटली नाही. वेंगुर्ल्याला आजोळी सुपारीच्या झाडांवर मिऱ्याचे वेल होते. ओली मिरी उन्हात पसरलेली असायची तेव्हा अंगणभर वास असायचा. तो इतरांना येत होता तसा मला कधी आलाच नव्हता का? बशीतून मला आलं ते मिऱ्यातली बाकीची तेलं असतील, जिभेवरचा तिखटपणा तर पायपरिन या वेगळ्याच द्रव्याचा. आजी जे हुंगत होती आणि मी जे हुंगत होते ते एक नव्हतं, हे अजून पचत नाही.

आणि वाईनचं काय? नवशिक्यांना मी वर्षानुवर्षं सांगत आले, सरावाने सगळं येतं. आलेल्या वासाकडे लक्ष द्यायला सराव शिकवतो, हे आजही म्हणेन. पण न येणारा वास? त्याहून बोचरं हे की मला बरोसा आवडते ती माझ्या पारखीमुळे, की थंड प्रदेशातल्या शिराझचं अर्धं सौंदर्य माझ्यापर्यंत पोचतच नाही म्हणून? कधी वाटतं दुसरं कारणच खरं. मग ईडन व्हॅलीची एखादी जुनी बाटली उघडते, तिच्यातला आंबटपणा आणि टॅनिनचा तुरटपणा तासभर बदलत जाताना बघते, आणि इतकं सगळं केवळ नाकातल्या उणिवेच्या खाती टाकायला मन तयार होत नाही.

आता टेस्टिंगला बसताना मी आधीच सांगून टाकते. मिरी कुणाला आली ते शेजाऱ्याला विचारते आणि त्याच्या नावासकट वहीत लिहिते. गुण मात्र मला जे चाखता आलं त्यालाच देते. ग्रॅम्पियन्सला माझे गुण कमी पडतात आणि दर वेळी त्यावरून वाद होतो.