तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या मेलिंग लिस्टचं सेटिंग करता कधी?

‘एवढ्या लिस्टवर असता, प्रत्येकीचं सेटिंग करत बसायचा कंटाळा येत नाही का?’ असं मला वरचेवर विचारलं जातं. लिस्ट म्हणजे मेलिंग लिस्ट: तिच्या एका पत्त्यावर मेल पाठवली की ती सगळ्या सभासदांना जाते. खरं सांगायचं तर ते सेटिंग मी करतच नाही. वीसेक ओळींची एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांची छोटी फाइल, ते करते.

मी मट हा टर्मिनलमधला मेल प्रोग्रॅम वापरतो. नवीन लिस्ट घेतली की तिचा पत्ता ‘सबस्क्राइब’ आज्ञेत घालायचा, तिचं फोल्डर ‘मेलबॉक्सेस’मध्ये नोंदवायचं, आणि सर्व्हरवरच्या सिव्ह फिल्टरमध्ये, म्हणजे आलेली मेल योग्य फोल्डरमध्ये टाकणाऱ्या नियमांमध्ये, तिचा नियम लिहायचा. एकच नाव, तीन जागा. पूर्वी हे सगळं हाताने करायचो. एकदा फिल्टर केला, फोल्डर केलं, ‘सबस्क्राइब’ तेवढं राहिलं. मग त्या लिस्टवरचं बरंचसं उत्तर मला दोनदा यायला लागलं, एकदा लिस्टवरून आणि एकदा थेट. ती आज्ञा असली की मट माझ्या मेलला ‘मेल-फॉलोअप-टू’ हेडर (मेलच्या सुरुवातीची माहितीची ओळ) लावतो. ते मानणाऱ्या प्रोग्रॅमला त्यावरून कळतं की उत्तर लिस्टवरच पाठवायचं, मला वेगळी प्रत नको. कारण सापडायला आठवडा गेला, कारण मोडलेलं असं काहीच दिसत नव्हतं.

आता एक साधी टेक्स्ट फाइल आहे, स्क्रिप्ट तीच वाचते. एका लिस्टला एक ओळ, ओळीत तीन गोष्टी: फोल्डरचं नाव, लिस्टचा पत्ता, आणि लिस्ट-आयडी, म्हणजे लिस्टची ओळख सांगणारं नाव. मटच्या ‘सोर्स’ आज्ञेत स्क्रिप्टच्या नावाशेवटी पाइपची उभी रेघ दिली, की मट ती स्क्रिप्ट चालवतो आणि ती जे छापेल ते कॉन्फिग, म्हणजे स्वतःचं सेटिंग, म्हणून वाचतो. त्यामुळे मटसाठी वेगळी तयार फाइल जपायचीही गरज उरत नाही. ‘सबस्क्राइब’ला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर जुळवायचा नमुना, लागतं, आणि तिथे टिंबाचा अर्थ ‘कुठलंही अक्षर’. पत्त्यातल्या प्रत्येक टिंबाआधी बॅकस्लॅश द्यायला मी विसरायचो. स्क्रिप्ट विसरत नाही.

फिल्टर लावताना विषयातलं चौकटी कंसातलं लिस्टचं नाव किंवा ‘टू’मधला पत्ता धरू नका, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. कुणी लिस्टला सीसीत टाकतं, कुणी बीसीसीत, आणि मेल भलतीकडे जाते. लिस्ट-आयडी हे हेडर लिस्टचा सर्व्हर स्वतः लावतो. 2001 च्या आरएफसी 2919 या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात ते ठरलं, आणि लिस्ट दुसऱ्या सर्व्हरवर हलली तरी ओळख तीच राहावी हा त्यामागचा विचार आहे. कुठल्याही आलेल्या मेलची सगळी हेडर उघडा, कोनी कंसातलं नाव उचला, फाइलमध्ये चिकटवा.

सिव्हची फाइल मात्र जपून लिहावी लागते. स्क्रिप्ट आधी तात्पुरत्या फाइलमध्ये नियम लिहिते, त्या फाइलवर सिव्हचा कंपायलर, म्हणजे नियमांतल्या चुका पकडणारा प्रोग्रॅम, चालवते, आणि तो तक्रार न करता संपला तरच तिचं नाव बदलून खऱ्या फाइलच्या जागी ठेवते. अर्धवट नियमांची फाइल सर्व्हरवर गेली तर सगळ्या लिस्ट इनबॉक्समध्ये ओतल्या जातील, आणि त्या ढिगात एखादी घरची मेल दबून जाईल, हे मला अजिबात नको असतं.

लिस्ट सोडताना ती ओळ मी लगेच पुसत नाही. सोडल्यावरही वाटेत असलेली एखाददुसरी मेल येते, तिला फोल्डर हवं. महिनाभराने ओळीआधी हॅशचं चिन्ह देतो. स्क्रिप्ट ती ओळ वगळते, आणि परत कधी त्या लिस्टवर जावंसं वाटलं तर लिस्ट-आयडी तिथेच सापडतो.